खिद्रापूरचा कोपेश्वर: कथा, शिलालेख आणि दगड एकत्र वाचत मंदिर कसे पाहावे

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कर्नाटकच्या हद्दीला लागून खिद्रापूर आहे. तिथे कोपेश्वराचे शिवमंदिर आहे. नृसिंहवाडीला दत्तदर्शन करून लोक इकडे वळतात, मंदिराच्या पुढच्या, मधोमध छत उघडे असलेल्या स्वर्गमंडपात उभे राहून वर बघत फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. या मंदिराला किमान तीन तास द्यावे लागतात. पण काय शोधायचे हे ठाऊक नसेल, तर तीन तासही फुकट जातात.

निघताना वहीच्या पानावर तीन रकाने आखा: 'सांगतात', 'कोरलेले आहे' आणि 'दिसते'. पहिल्यात कथा लिहा, दुसऱ्यात शिलालेखातला मजकूर आणि तिसऱ्यात डोळ्यांनी पडताळलेली गोष्ट. या मंदिराबद्दल जेवढे गैरसमज पसरले आहेत, त्यातले बहुतेक पहिल्या रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात घुसवल्यामुळे झाले आहेत. कथा खोटी ठरवायची म्हणून हे रकाने नाहीत. कथेशिवाय या गाभाऱ्याची मांडणीच कळत नाही. फक्त कोणती गोष्ट कुठून आली हे लक्षात राहिले पाहिजे.

आधी कथा, कारण नंदी नाही

दक्षाने यज्ञ मांडला आणि जावयाला, म्हणजे शंकराला, बोलावले नाही. सती तरीही नंदीवर बसून माहेरी गेली. तिथे पतीचा अपमान ऐकून तिने यज्ञकुंडात देह टाकला. शंकर कोपला, वीरभद्राने यज्ञाचा विध्वंस केला, दक्षाचे शिर उडाले. इथवरची कथा पुराणांतली, सगळीकडे सांगितली जाते तीच. पुढचा भाग इथला आहे: दक्षाला बोकडाचे शिर लावून जिवंत केले, तरी शंकराचा राग उतरेना. तेव्हा विष्णूने त्याला या ठिकाणी आणून शांत केले. कोपलेला तो कोपेश्वर आणि समजूत घालणारा विष्णू तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. दर्शनाच्या रांगेत घाईने पुढे सरकणाऱ्यांना दुसरे लिंग दिसतच नाही, तेव्हा आत शिरण्याआधीच ते मनात धरून ठेवा.

आता मंदिरात नंदी शोधा. सापडणार नाही. सती नंदीवर बसून गेली, मग नंदी इथे कसा असेल, असे गावात सांगतात. तो नंदी कर्नाटकातल्या यडूरला आहे, खिद्रापूरपासून बाराएक किलोमीटरवर. यडूर हे वीरभद्राचेही मोठे क्षेत्र आहे, हे मुद्दाम लक्षात घ्या. म्हणजे दक्षयज्ञाच्या कथेतली पात्रे कृष्णाकाठच्या दोन गावांत वाटली गेली आहेत: कोपलेला शिव आणि विष्णू इकडे, नंदी आणि वीरभद्र तिकडे. एकच गाव पाहून कथा पुरी होत नाही.

इतिहास किती धरायचा

गावाचे जुने नाव कोप्पम असे मानले जाते. त्यावरून एक मोठी लढाई इथे जोडली जाते. १०५४ साली कोप्पमला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर पहिला (आहवमल्ल) आणि चोळ राजा राजाधिराज यांची गाठ पडली. हत्तीवरून लढताना राजाधिराज मारला गेला आणि त्याच्या भावाने, दुसऱ्या राजेंद्राने, रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला. लढाई खरी आहे. ते कोप्पम म्हणजे हेच खिद्रापूर, की कर्नाटकातले कोप्पळ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ही नोंद 'सांगतात' या रकान्यात ठेवा.

मंदिराचा पाया सातव्या शतकात चालुक्यांनी घातला, हेही त्याच रकान्यात. आज समोर उभे असलेले काम कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले आहे. गंडरादित्य हा त्या घराण्यातला मोठा राजा. शेवटचा राजा दुसरा भोज. देवगिरीच्या यादव सिंघणाने त्याचा पराभव केला आणि हा मुलूख यादवांकडे गेला. हा बदल इथे अक्षरांत दिसतो. मंदिरातल्या डझनभर शिलालेखांपैकी एक सोडून सगळे कन्नडमध्ये आहेत. तो एक संस्कृतात, देवनागरी लिपीत, दक्षिण दरवाजाजवळ बाहेरच्या भिंतीवर आहे आणि तो सिंघणाचा आहे: देवाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाचा लेख. कन्नड लेख पाहून काहींना नवल वाटते. शिलाहारांच्या कारभारात कन्नडचा वापर सर्रास होता, त्यात वेगळे काही नाही.

लेखातले शक वर्ष इसवी सनात बदलताना ७८ मिळवा. मात्र जुन्या लेखांत कधी 'गत' वर्ष दिलेले असते, कधी 'चालू', त्यामुळे उत्तर एका वर्षाने मागेपुढे होते. सिंघणाचा हा लेख १२१३च्या सुमाराचा. एखाद्या पुस्तकात १२१४ दिसले तर चूक धरू नका, आणि स्वतः लिहिताना 'सुमारे' लिहा.

या एका सनामुळे आणखी एक गोष्ट निकालात निघते. कोपेश्वराला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे १२६०नंतरचा माणूस. त्याच्या कितीतरी आधी हे मंदिर उभे होते, आणि त्याच्या भिंतीवर दानलेखही कोरला गेला होता. चुना न वापरता दगडावर दगड बसवला की त्याला हेमाडपंती म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. इथे तो शब्द वापरू नये.

आजचे खिद्रापूर हे नाव औरंगजेबाच्या सैन्यातल्या खिद्रखान नावाच्या सरदारावरून पडले, असे सांगतात. मूर्तींची नाके आणि हत्तींच्या सोंडा तुटल्याचा दोषही त्याच स्वारीला दिला जातो. प्रत्येक तुटलेला दगड मात्र घणाने तुटलेला नसतो. घाव घातलेल्या जागी कड धारदार असते, तुटलेला भाग खोलगट दिसतो आणि तो नेमका चेहरा, सोंड किंवा हात अशा पुढे आलेल्या अवयवावर असतो. ऊन-पावसाने झिजलेल्या जागी कडा गोल होतात आणि पापुद्रे सुटतात. पायाजवळच्या थरांत पुराच्या पाण्याचाही हात असतो. 'दिसते' या रकान्यात हा फरक टिपा.

कधी जायचे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे प्रकाशाचे गणित सोपे आहे: पूर्वेकडचा स्वर्गमंडप सकाळी, दक्षिण भिंत थंडीत जवळपास दिवसभर, पश्चिमेकडची मागची बाजू दुपारी तीननंतर. उत्तर भिंतीवर थंडीत थेट ऊन येतच नाही. तिथे ढगाळ दिवसाचा सपाट प्रकाश किंवा विजेरी, हाच उपाय. साडेआठला पोहोचलात तर बाराला बाहेर पडता येते. भर दुपारी पोहोचणे ही सर्वात मोठी चूक: वरून पडणाऱ्या उन्हात मूर्तींच्या डोळ्यांत, ओठांखाली काळ्या सावल्या पडतात आणि बारीक कोरीवकाम सपाट होते.

एप्रिल-मेमध्ये काळा दगड तापतो आणि पाय पोळतात. जाड सुती मोजे बरोबर असू द्या.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, पूर हा खरा धोका आहे. कृष्णा चढली की शिरोळ तालुक्यातले सखल रस्ते आणि पूल पाण्याखाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी हा सगळा पट्टा बुडवला. निघण्याआधी राजापूर बंधाऱ्याची पाणीपातळी पाहा, स्थानिक बातम्यांत ती रोज येते. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी आली असेल, म्हणजे पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडले असेल, तर खिद्रापूरचा बेत पुढे ढकला.

कोल्हापूरहून अंतर साधारण ६० किलोमीटर. नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत पुढे जायचे. रेल्वेने येणाऱ्यांना जयसिंगपूर किंवा मिरज सोयीचे. एसटीने यायचे ठरवले तर कुरुंदवाडला परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या.

बरोबर दोन लहान विजेऱ्या, दुर्बीण (आठपट पुरे), पाणी आणि ती तीन रकान्यांची वही. दिशा पाहायला मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. बसाल्टमध्ये लोहखनिज असते, भिंतीजवळ किंवा खांबाला टेकून काटा पाहिला तर तो चुकीचा दाखवू शकतो. मंदिराचे तोंड पूर्वेला, एवढे धरून बाकीच्या दिशा लावा. हे संरक्षित स्मारक आहे. तिवई लावायची असेल किंवा लेखाचा ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

स्वर्गमंडप

मंदिराचे चार भाग आहेत: स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गाभारा यांना जोडणारी जागा) आणि गाभारा. त्यातला स्वर्गमंडप पुढे, सुटा उभा आहे. ४८ खांब, मधोमध छताला सुमारे १३ फूट व्यासाचे गोल उघडे तोंड, आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. आत शिरल्यावर लगेच वर पाहू नका. आधी शिळेच्या कडेने एक फेरी मारा आणि उघड्या तोंडाभोवतीचे बारा खांब मोजा. मग वर पाहा.

'छत पडले' किंवा 'शत्रूने फोडले' असे कोणी सांगतेच. पडताळा सोपा आहे. फुटलेल्या छताची कड वेडीवाकडी असते आणि सांधे उघडे पडतात. इथली कड घडवलेली, गोल आहे आणि खालची शिळा तिच्या मापाची आहे. म्हणजे ही रचना ठरवून केलेली दिसते. यज्ञाचा धूर जाण्यासाठी ती ठेवली, हे मात्र पहिल्या रकान्यातले.

या बारा खांबांच्या जवळ देवता आपापल्या वाहनांसह कोरल्या आहेत. कार्तिकेय, गणपती आणि दिक्पाल (आठ दिशांचे रक्षक देव) त्यात येतात. चेहरे झिजलेले, हातातली आयुधे तुटलेली, म्हणून ओळख वाहनावरून करा. हत्ती असेल तर इंद्र, मेंढा अग्नी, रेडा यम, माणूस निऋती, मकर वरुण, हरीण वायू, बैल ईशान. कुबेर जरा फसवतो, त्याच्या वाहनाबद्दल परंपरा एक नाही. त्याची खूण म्हणजे सुटलेले पोट आणि हातातली धनाची पिशवी. मोर कार्तिकेयाचा आणि उंदीर गणपतीचा, हे सांगायला नको. दिक्पालांचा क्रम पूर्वेपासून घड्याळाच्या दिशेने इंद्र, अग्नी, यम, निऋती, वरुण, वायू, कुबेर, ईशान असा असतो. एक ओळखला की शेजारचा कोण असावा याचा अंदाज बांधता येतो. अंदाज आणि मूर्ती जुळत नसतील तर मूर्तीवर विश्वास ठेवा.

आता उजेडाचा गोल पाहा. सकाळी तो पश्चिमेच्या खांबांवर पडतो, दुपारकडे शिळेजवळ येतो आणि मग पूर्वेकडे सरकतो. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून भर दुपारीही गोल शिळेच्या उत्तरेला पडतो. नेमका शिळेवर तो वर्षातून दोनदाच बसतो. खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढग आणि पूर, त्यामुळे हाती राहतो तो मे.

त्रिपुरी पौर्णिमेला इथे गर्दी का होते याचेही उत्तर याच गणितात आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकात सूर्य जितका दक्षिणेला, जवळपास तितकाच चंद्र उत्तरेला, म्हणजे मध्यरात्री तो या गावाच्या जवळजवळ डोक्यावर येतो आणि चांदण्याचा गोल शिळेवर उतरतो. माघातल्या पौर्णिमेलाही चंद्र असाच डोक्याजवळून जाऊ शकतो, पण इतर ऋतूंत हे इतके नेमके जमत नाही. चैत्र-वैशाखातला चंद्र बराच दक्षिणेकडून जातो. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी तिरपी असल्यामुळे दर वर्षी गोल थोडा इकडेतिकडे पडतो. रात्री सव्वाबाराच्या आधी अर्धा तास जागा धरून बसा आणि नंतरही अर्धा तास थांबा. शिळेवर गर्दी करून उभे राहिले की कोणालाच काही दिसत नाही, तेव्हा बारा खांबांच्या बाहेर राहा.

सभामंडप ते गाभारा

सभामंडपात उजेड एकदम कमी होतो. विजेरी लगेच लावू नका. पाच-सात मिनिटे उभे राहा, डोळे सरावले की खांबांचे आकार आपोआप उलगडतात. खांब खालून वर वाचायचा: बैठक चौकोनी, मग अष्टकोन, मग गोल, वर तुळई पेलणारे हस्त. गोल भागावरच्या बारीक, समांतर कडांवर बोट न लावता विजेरी आडवी धरा. दगड फिरत्या यंत्रावर (लेथवर) धरल्यासारखा किती एकसारखा फिरला आहे ते कळेल.

दरवाजाशी थांबा. उभ्या पट्ट्यांना शाखा म्हणतात, त्या बाहेरून आत मोजा. खाली द्वारपाल, वर मधोमध ललाटबिंब (दारावरच्या पट्टीतली छोटी मूर्ती), उंबऱ्यापुढे चंद्रशिळा (अर्धगोल पायरी). दाराच्या बाजूंच्या दगडी जाळ्याही इथेच पाहून घ्या, आतून बाहेर पाहिल्यावर त्यांची नक्षी जास्त स्पष्ट दिसते.

अंतराळ अरुंद आहे, तिथे रेंगाळून इतरांची वाट अडवू नका. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर ही दोन्ही लिंगे पाहा. अभिषेक चालू असेल तर आधी दर्शन, भिंतीकडे नंतर. फ्लॅश मारू नका. पूजा चालू असताना विजेरीही नको.

बाहेरून प्रदक्षिणा

शिवाची प्रदक्षिणा सोमसूत्री, म्हणजे गाभाऱ्याचे पाणी बाहेर सोडणारी उत्तरेकडची पन्हाळ ओलांडायची नाही. डावीकडून निघून दक्षिण, पश्चिम करत पन्हाळीपर्यंत जायचे, तसेच परत फिरायचे, मग पूर्वेकडून उत्तर बाजूने पन्हाळीच्या दुसऱ्या अंगापर्यंत आणि पुन्हा मागे. श्रद्धेने करा किंवा अभ्यास म्हणून, याचा एक फायदा आहे: प्रत्येक भिंत दोनदा दिसते. जाताना नजर खाली ठेवा, येताना वर.

खाली गजथर आहे. सगळे मंदिर हत्तींच्या पाठीवर तोलल्यासारखे दिसते आणि त्या हत्तींवर देवता बसल्या आहेत. दोन हत्ती एकसारखे सापडतात का ते पाहा. झुली, घंटा, सोंडेचे वळण, पाय मुडपण्याची तऱ्हा, सगळे बदलते. लहान मुले बरोबर असतील तर मोजदाद त्यांच्याकडे सोपवा.

वर भिंतीवर देवतांबरोबर सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती, आहेत. दख्खनच्या मंदिरांत त्यांचे प्रकार ठरलेले असतात, आणि ओळख हातातल्या वस्तूवरून होते: आरसा असेल तर दर्पणा, पोपट असेल तर शुकसारिका, मृदंग असेल तर मर्दला. हात तुटला असेल तर उरलेल्या खांद्याची दिशा आणि मानेचा कल पाहा. नाव ठरत नसेल तर 'सुरसुंदरी' एवढेच लिहा. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ते बरे. मग मागे सरून शिखर पाहा. वरचे विटा-चुन्याचे काम मागाहूनचे आहे, दगडी भिंतीपासून त्याचा पोत वेगळा पडतो.

शिलालेख वाचायला विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, १०-१५ अंशांच्या कोनात धरा. समोरून प्रकाश टाकला की अक्षर नाहीसे होते. एकाने विजेरी डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून अशी फिरवावी आणि दुसऱ्याने प्रत्येक वेळी फोटो घ्यावा. चारही फोटो शेजारी ठेवले की एकात न दिसलेली काना-मात्रा दुसऱ्यात दिसते. अक्षरांत खडू, पीठ, तेल किंवा पाणी कधीही भरू नका. खडूचे कण खाचेत अडकतात, तेलावर धूळ बसून थर घट्ट होतो आणि पुढच्या माणसाला आहे तेही वाचता येत नाही.

गावातच आदिनाथाचे जुने जैन मंदिर आहे, शिलाहारकाळातलेच. अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. खांबांची घडण कोपेश्वराशी ताडून पाहण्यासारखी आहे.

दुपारी जेवून यडूर गाठा. आधी नंदी, मग वीरभद्र. खिद्रापूरच्या पानावर 'नंदी' या शब्दापुढे जागा कोरी ठेवली असेल, तर ती तिथे भरा.